टिकलीएवढा पडदा

आमच्या साडूंइतका बारीक माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून आजवर झालेला नाही. बारीक म्हणजे अंगानं नव्हे. अंगानं ते असे आहेत की सासुरवाडीच्या पंगतीत त्यांच्या शेजारी पान मांडताना जरा लांबच मांडावं लागतं. त्यांचा बारीकपणा विचारातला. जी वस्तू नुसत्या डोळ्यांनी दिसते तिच्यात त्यांना गोडी वाटत नाही. डोंगर, धरण, बैल, नातेवाईक यांच्याकडे ते कर्तव्य म्हणून बघतात, आणि मुंगीचा पाय दिसला की हातातला चहा गार होऊ देतात. मी कराडला चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांना नीट दिसावं एवढाच माझा साधा धंदा. त्यामुळे जे कुणालाच दिसत नाही असं काहीतरी बनवण्यासाठी चांगली नोकरी सोडणारा माणूस नेमका माझ्याच नात्यात यावा, हा मी माझ्या पत्रिकेतला दोष समजत आलो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याचे, इंजिनिअर, पुण्यात बरीच वर्षं नोकरी. ती सोडून त्यांनी कंपनी काढली. ही कंपनी प्रोजेक्टरमध्ये आणि डोक्याला लावायच्या मॉनिटरमध्ये बसवायचे पडदे बनवते. पडदे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आलं असेल ते पुसून टाका. हा पडदा करंगळीच्या नखाएवढा असतो. खाली सिलिकॉनचा तुकडा, वर काच, मध्ये कसलंसं द्रव, आणि एवढ्याशा जागेत लाखो ठिपके. त्यावर दिव्याचा झोत टाकला की प्रत्येक ठिपका आपल्या वाट्याचा उजेड परत फेकतो, तो उजेड भिंगातून बाहेर पडतो आणि समोरच्या भिंतीवर चित्र उमटतं. पुढेमागे हाच पडदा डॉक्टरांच्या चष्म्यात बसेल आणि मिरजेच्या सर्जन लोकांना ऑपरेशन करताना मान वर करून मॉनिटर बघावा लागणार नाही, असं साडू सांगतात. कंपनीचं नाव इंग्रजी आहे आणि ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. घरातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्या वस्तूला टिकली म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून गावभर ती टिकलीची कंपनी झाली.

आता आमचा मुलूख कसा, तर मोठ्याचा भोक्ता. इथं वाढदिवसाचा फ्लेक्स ज्याचा वाढदिवस त्याच्या घरापेक्षा मोठा असतो. लग्नात स्पीकरची भिंत उभी केल्याशिवाय अक्षता पडल्यासारख्या वाटत नाहीत. अशा मुलखात हा माणूस लहानपणाचा प्रचार करत हिंडतो. माझ्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा साडूंनी भेट आणली. डबीत डबी, डबीत डबी, आणि शेवटच्या डबीत तांदळाच्या दाण्यावर कोरलेला गणपती. मी तो बघायला चिमट्यात धरला आणि तो पडला. चष्म्याच्या दुकानात चार माणसं चार भिंगं घेऊन दुपारभर गणपती शोधत होती. तो अजून तिथंच कुठंतरी आहे. त्या कोपऱ्यात झाडू मारायचा झाला की माझी बायको आधी हात जोडते.

साडूंचा दुसरा विशेष म्हणजे ‘तत्त्वतः’ हा शब्द. तो त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम असतो. टिकली तयार झाली का, असं विचारलं की उत्तर येतं, “तत्त्वतः झालीच आहे.” म्हणजे व्हायची आहे. एकदा आमच्याकडे पुरणपोळीला बोलावलं होतं. पानं मांडली, साडूंचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाले, “तत्त्वतः कराडातच आहे.” आम्ही तव्यावर पोळी टाकली. नंतर कळलं की ते अजून साताऱ्याच्या स्टँडवर होते, पण गाडीत बसलेले होते आणि गाडीवर कराडची पाटी होती. यात आपलं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. ज्या गोष्टीचा सिद्धांत पुरा झाला ती गोष्ट पुरी झाली, राहिलं ते हमालीचं काम, अशी त्यांची समजूत आहे. ही हमाली कोण करतं, तर माझी मेहुणी. ती मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघण्यात तिची दहा वर्षं गेलेली. साडू तिला बघायला आले तेव्हा कांदेपोहे, रंग, उंची कशाकडेही न बघता त्यांनी विचारलं, “तुमच्याकडचं भिंग किती पटीचं आहे?” तिनं सांगितलं आणि लग्न ठरलं. टिकलीवर काच चिकटवण्याचं काम आजही तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. ती हात हलू देत नाही, आणि त्या वेळी साडूंना श्वासही घेऊ देत नाही.

आणि मेलेले ठिपके. टिकलीतल्या लाखो ठिपक्यांपैकी एखादा पेटला नाही तर त्याला हे लोक मेलेला ठिपका म्हणतात. एक ठिपका मेला तरी साडू ती टिकली लाल डब्यात टाकतात आणि त्या दिवशी जेवताना भाताकडे बघत बसतात. मेहुणी म्हणते, चार-सहा ठिपके मेले तरी कुणाला कळणार आहे? “मला कळलं ना,” साडू म्हणतात. हे त्यांच्या कामापुरतं राहतं तर मी काही बोललो नसतो. पण माझ्या घरी दिवाणखान्यात माझ्या वडिलांची तसबीर आहे. एकदा साडू तिच्यापुढे पाच मिनिटं हात मागे बांधून उभे राहिले. माझ्या बायकोला भरून आलं. मग साडू वळले आणि म्हणाले, “उजव्या कानाखाली एक ठिपका गेलाय.” त्या दिवसापासून मी वडिलांना नमस्कार करतो तो कानाखाली बघून. शेवटी तसबीर जरा वर टांगली.

एवढ्या नाजूक वस्तूच्या कारखान्याला धुळीचा कण चालत नाही. तेव्हा हा कारखाना साडूंनी कुठं काढावा? तर सासुरवाडीच्या कोंबड्यांच्या शेडात. सासुरवाडी कडेगावच्या पूर्वेला, कोरड्या अंगाला आहे. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, त्या भागात पैलवान म्हणून ओळखतात. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली, आबांनी कुस्त्या केल्या, कुस्ती सुटल्यावर कोंबड्या पाळल्या, आणि आता जावई ठिपके राखतो. “मेंढरू हरवलं तर वरडत तरी हुतं,” असं आबा म्हणतात. एका साली रोगानं कोंबड्या गेल्या, शेड रिकामं पडलं, आणि पुण्यातली जागा सोडून साडू तिथं उतरले. शेड धुण्यातच दोन महिने गेले. आतून पांढरे पत्रे मारले, हवा गाळायचं यंत्र बसवलं, दाराला दार आणि त्या दाराला आणखी एक दार केलं. माझ्या दुकानातली चष्मा पुसायची मऊ फडकी गठ्ठ्यानं तिकडे गेली. एवढं करून सहा महिन्यांनी एका टिकलीत वाकडीतिकडी रेघ दिसली. मेहुणीनं भिंगाखाली धरली तर ते कोंबडीच्या पिसाचं तूस निघालं. त्यात कालव्याचं पाणी आल्यापासून तिकडे ऊसही झाला आहे. ऊस गेला की पाचट पेटवतात आणि काळी राख मैलभर उडते. साडू मोटारसायकलवर बांधाबांधानं हिंडून पाचट कधी पेटवणार याची वही करायचे. लोकांना ती करमणूकच झाली. एखादा लांबूनच काडेपेटी दाखवून विचारायचा, “पावणं, वढू का काडी?”

शेडात जाताना डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा, पायांना पिशव्या, आणि दाढीमिशी असेल तर तिला जाळी. हा नियम सगळ्यांना. आबा एकदा आपल्याच शेडात जायला निघाले आणि दारात जावयानं त्यांच्यापुढे मिशीची जाळी धरली. आबांची मिशी म्हणजे नुसती मिशी नव्हे. तिच्याकडे बघून समोरच्या पैलवानाचा पाय मागे पडायचा असं जुनी माणसं सांगतात. आबा जाळीकडे बघत राहिले. “मिशी झाकून आत शिराया म्या काय चोर हाय व्हय?” साडू म्हणाले, “तसं नाही, आबा. तत्त्वतः केस म्हणजे धूळच.” झालं. आबा माघारी वळले, पडवीत बसले आणि तिथूनच निकाल दिला. “जावईबापू, जत्रंपातूर मला कायतरी दाखवा. माझ्या डोळ्यांनी दिसंल असं. न्हाईतर जत्रंच्या दुसऱ्या दिवशी शेडात पिल्लं आणून सोडतो.” आणि आबांचा शब्द म्हणजे शब्द. पिल्लंवाल्याला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगून ठेवलं.

खरं सांगायचं तर मी कोंबड्यांच्या बाजूचा होतो. त्या शेडातून दर आठवड्याला कराडला अंडी यायची. साडू आल्यापासून तिथून फक्त फडक्यांची मागणी यायची. शिवाय थोरला जावई मी. माझ्या दुकानाला साधा डोळे तपासायचा फळा लावायला जागा नाही आणि धाकट्याला अख्खं शेड, हेही मनात कुठंतरी होतंच. तेव्हा जत्रा जवळ आली तशी मी मनातल्या मनात पिल्लं मोजायला लागलो.

आणि मध्येच फ्लेक्स आला. जावयावर रागावलेले असले तरी गावात आपली कंपनी असल्याचा आबांना अभिमान होताच. वेशीवर वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर गावातल्या सगळ्या कारभाऱ्यांचे फोटो, खाली हात जोडलेले आबा, एका कोपऱ्यात साडू, आणि मधोमध टिकलीचा फोटो. फ्लेक्सवाल्यानं तो आपल्या पद्धतीनं मोठा केला, दरवाजाएवढा. सगळ्या तालुक्यानं तो बघितला आणि समजायचं ते समजला. आठवड्याभरात जत्रा कमिटीचे अध्यक्ष पडवीत येऊन बसले. म्हणाले, “आबा, तुमच्या जावयाचा त्यो बोर्डावरचा पडदा औंदा कुस्त्यांच्या मैदानाला लावायचा. मागच्यांला कायबी दिसत न्हाई.” साडूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी आबा म्हणाले, “लावतो की. शब्द दिला.” अध्यक्ष गेल्यावर मेहुणी माझ्याकडे वळली. “दाजी, तुम्ही तरी सांगा आबांना, टिकली केवढी असते ती.” मी सांगितलं नाही. म्हटलं, होऊ दे. आबांचा शब्द आणि साडूंचं शेड, दोन्ही आता त्या एका पडद्यावर येऊन बसलं होतं, आणि साडू मात्र खुशीत होते. “प्रोजेक्टर लावू. तत्त्वतः सोपं आहे,” म्हणाले.

इथं सासूबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या सासुरवाडीत बायका कुस्तीच्या मैदानात जात नाहीत. कुणी मनाई केलेली नाही. फक्त कुणी कधी गेलेली नाही. जत्रेच्या दुपारी गावच्या लेकीसुना आणि पाहुण्या बाया दूध डेअरीच्या हॉलमध्ये जमतात. मैदान तिथून हाकेच्या अंतरावर. आखाड्याची लाल माती उडून येते म्हणून हॉलची दारं-खिडक्या लावून घेतात आणि आत चहा, गप्पा, लेकरं असं चालू असतं. मैदानातला गलका मात्र ऐकू येतो. सासूबाई त्या गलक्यावरून कुस्ती सांगायच्या. बाहेर एकदम आवाज उठला की त्या म्हणायच्या, “झाली चीत.” आवाज लांबला की म्हणायच्या, “बराबरीत सोडवली.” आबांचं लग्न ठरलं तेच त्यांच्या कुस्तीच्या नावावर. सासूबाईंनी त्यांच्यासाठी बदाम वाटले, दूध आटवलं, लंगोट धुतले. पण कुस्ती एकही बघितली नाही. पन्नास वर्षं त्या आवाज ऐकून नवऱ्याची कुस्ती समजून घेत होत्या. आबांची कुस्ती सुटली, आबा पंच झाले, तरी बाईंचं ऐकणं चालूच होतं.

जत्रेचा दिवस उगवला. चैत्रातलं ऊन. तीन वाजता रेवड्यांच्या बक्षिसावरच्या पोरासोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या, हलगी कडाडायला लागली, आबा फेटा बांधून पंच म्हणून मैदानात उतरले. एका बाजूला बांबूच्या उंच माळ्यावर कॅमेरा, तिथून लांब वायर, वायरच्या टोकाला खोक्याएवढा प्रोजेक्टर आणि त्याच्या पोटात टिकली. समोर बांबूंना ताणून बांधलेला पांढराशुभ्र कापडी पडदा. साडूंनी बटण दाबलं. पडदा पांढराच राहिला. साडूंनी वायर तपासली, बटण परत दाबलं. पडदा आणखी पांढरा दिसायला लागला. चष्म्याच्या दुकानातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं ते या इंजिनिअराच्या ध्यानात आलं नव्हतं. पाच वर्षं बंद शेडात अंधार करून चित्रं बघितलेली. सूर्य नावाची एक जुनी कंपनी याच धंद्यात आहे हे हा माणूस साफ विसरला होता.

गर्दीतून आवाज आला, “पावणं, वाळत घातलंय का काय?” मग हसू पसरत गेलं. मागच्या रांगेतले लोक कुस्त्या सोडून कोऱ्या कापडाकडे बोटं दाखवायला लागले. शेवटी अध्यक्षांनी माईक घेतला. “मंडळींना इनंती हाय, पडद्याकडं बघू नका. कुस्त्या मैदानातच चालल्यात.” आबा मैदानाच्या मध्ये उभे होते. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, फेट्याचा शेमला मागे टाकला आणि पुढची जोड लावली. जवळ जाऊन बघायची गरज नव्हती. खाली गेलेली त्यांची मान मला लांबूनही दिसत होती. मला वाटलं होतं की मजा येईल. आली नाही. साडू माझ्याकडे वळून म्हणाले, “साडूभाऊ, संध्याकाळी दिसेल. तत्त्वतः...” आणि पहिल्यांदाच त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही.

तेवढ्यात वारा उठला. मैदानातल्या मातीचा लाल लोट सरळ आमच्याकडे आला. अशा वेळी अब्रू सांभाळणारा माणूस काय करील ते मला ठाऊक आहे. तो तिथंच उभा राहून उत्तरं देईल. साडूंनी प्रोजेक्टर झग्यात गुंडाळला, पोटाशी धरला आणि ते पळत सुटले. त्या शरीराला पळताना गावानं प्रथमच पाहिलं. मागे वायर उलगडत मेहुणी, तिच्यामागे मी. जवळची बंद खोली म्हणजे डेअरीचा हॉल. साडू दार ढकलून शेदीडशे बायकांच्या मधोमध घुसले, “दार लावा, धूळ येतेय” असं म्हणाले, एका टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले आणि टिकलीत माती गेली का ते बघायला त्यांनी प्रोजेक्टरचं तोंड समोरच्या भिंतीकडे करून दिवा लावला.

चुन्यानं नुकतीच रंगवलेली ती भिंत. खोलीत अंधार. आणि भिंतभर मैदान उमटलं. लाल माती, रांगेनं बसलेले लोक, हलगीवाल्याचा फुगलेला गळा, दोन पैलवान मान मानेला लावून उभे. चहाचा कप तोंडाशी नेलेली एक बाई तशीच थांबली. बाहेर गलका उठला आणि सवयीनं सासूबाई म्हणाल्या, “झाली चीत.” भिंतीवर तर दोघे पैलवान मातीबाहेर जाऊन लोकांच्या मांडीवर पडले होते आणि कुणीच चीत झालं नव्हतं. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी ह्ये असंच वरडत्यात व्हय?” हॉलमध्ये जे हसू फुटलं ते बाहेरच्या हसण्यापेक्षा मोठं होतं.

साडूंना यातलं काही दिसत नव्हतं. ते भिंतीला नाक लावून उभे होते. “तो बघा. डाव्या कोपऱ्यात खाली. मातीचा कण बसलाय. गेली ही टिकली.” त्यांनी बटण बंद करायला हात नेला, तो मेहुणीनं मनगटात धरला. “हात लावू नगा,” ती म्हणाली. मिरजेत दहा वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडून एकदम माहेर बाहेर पडलं. आणि मागून कुणीतरी ओरडलं, “पावणं, सरका की बाजूला. दिसंना झालंय.” साडूंच्या कंपनीला मिळालेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

शेवटची कुस्ती लागली. आबांनी दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात दिले, वाकून माती उचलली, दोघांच्या पाठीवर लावली. भिंतीवर आबा हातभर जास्त उंच दिसत होते. सासूबाई हळूहळू पुढे सरकत गेल्या आणि भिंतीपासून चार हातांवर जमिनीवर बसल्या. कुस्ती बराच वेळ चालली. निकाल लागला तेव्हा सगळे लोक जिंकणाऱ्याकडे धावले आणि आबा घटकाभर एकटेच मातीत उरले. आपल्याकडे कुणी बघत नाही अशी त्यांची खात्री झाली असावी. पंचाहत्तरीच्या त्या माणसानं धोतर जरा वर घेतलं, पाय रोवला आणि मांडीवर शड्डू ठोकला. एकच. मग फेटा सारखा करून काही झालंच नाही असे चालू लागले. सासूबाईंनी पदर तोंडावर धरला. त्या हसत होत्या का रडत होत्या ते पाठीवरून मला कळलं नाही. मग त्या शेजारणीला म्हणाल्या, “पन्नास वरसं ह्यांच्या लंगोटाची माती धुतली गं. ती माती आज बघितली.”  

सांजच्याला आबा घरी आले ते कुणाशी न बोलता. पडवीत बसले. साडू खांबाला टेकून उभे. सगळ्या गावासमोर आबांचा शब्द पडला होता, आणि डेअरीत काय झालं ते आम्हा दोघा साडूंखेरीज पुरुषांतलं कुणाला माहीत नव्हतं. आबा म्हणाले, “उद्या पिल्लं येत्यात. शेड मोकळं करा.” साडूंनी मान हलवली. ‘तत्त्वतः’ म्हणाले नाहीत. मी, कोंबड्यांचा जुना वकील, साडूंच्या बाजूनं तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. आबांसमोर चारचौघांत त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “पिल्लं न्हाई यायची,” त्या म्हणाल्या.

आबांनी वर बघितलं. “का?”

“आवं, शेवटच्या कुस्तीनंतर तुमी शड्डू ठोकला का न्हाई?”

आबांचा हात तांब्यावरच थांबला. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोण? म्या बघितला. भितीवर.”

आबांनी जावयाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  त्यांनी पाण्यानं हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं, आणि पंचाची नजर चुकवून तोलाच्या पैलवानानं विचारावं तसं हळूच विचारलं, “कसा वाटला?”

“हात जरा उशिरा पडला,” सासूबाई म्हणाल्या. “पर झ्याक पडला.”

पिल्लं आली नाहीत. पुढच्या जत्रेला कमिटीनं आपणहून डेअरीची भिंत मागितली. कंपनी अजून त्याच शेडात आहे, एका प्रोजेक्टरवाल्यानं नमुने मागवले आहेत, मिरजेचे डॉक्टर लोक भेट देऊन गेले आहेत, आणि साडू सांगतात की तत्त्वतः सगळं जुळलेलंच आहे. मी आता अंडी बाजारातून आणतो. वेशीवरचा फ्लेक्स उन्हानं पांढरा पडलाय. त्यावरची टिकली आता दिसत नाही, त्यामुळे ती खऱ्यासारखी वाटते.

सासूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. वर्षश्राद्धाच्या आधी एकदा मी तिकडे गेलो होतो. आबा पडवीत नव्हते. शेडाचं बाहेरचं दार लोटून बघितलं तर आबा पांढरा झगा घालून उभे, पायांना पिशव्या, आणि मिशीला जाळी. कुणी न सांगता त्यांनी ती आपल्या हातानं बांधली होती. मला म्हणाले, “त्या दिवसाचं चित्र बघाय आलोय.” त्या दिवशीचं चित्रण मेहुणीनं जपून ठेवलं आहे. मी म्हटलं, “आबा, त्यात सासूबाई कुठं आहेत? त्यात तर तुम्हीच आहात.” आबा म्हणाले, “व्हय. तिनं काय बघितलं ते बघतो.” आणि आत जाऊन बसले.

शेडाच्या भिंतीवर मैदान उमटलं तेव्हा डाव्या कोपऱ्यात, खाली, तांबूस ठिपका होता. म्हणजे टिकली तीच होती. एका मेलेल्या ठिपक्यासाठी जेवण सोडणाऱ्या माणसाच्या नियमाप्रमाणे ती त्याच संध्याकाळी लाल डब्यात जायला हवी होती. मी साडूंना बाजूला घेऊन विचारलं. ते माझ्याच दुकानातल्या फडक्यानं हात पुसत राहिले, आबांच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, “तत्त्वतः फेकलीच आहे.”